थोरला दिसणारा धाकटा

माझ्या मुलीचा साखरपुडा होता, शुक्रवार पेठेतल्या एका कार्यालयात. मुलाच्या चुलत्यांनी मानाचा पहिला फेटा माझ्या डोक्याला बांधला. माझा भाऊ शेजारीच बसला होता. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पहिला मान त्याचा.

"थोरले भावजी ते हायत की," माझी बायको घाईने म्हणाली.

चुलते एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. "व्हय? मला वाटलं ते धाकटे. लई कवळे दिसत्यात की!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने भाऊ हसला.

वडिलांनी दोघांपैकी एकालाच शिकवायचं ठरवलं होतं. तो शाळेत गेला, मी मेंढरांमागे. पुढे मैंदर्गीच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचा व्यापार मी स्वतःच्या जिवावर उभा केला. तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवून, पंख्याखाली बसून निवृत्त झाला. त्याचे केस अजून काळे आहेत, आणि कलप लावलेले नाहीत. मी जवळून पाहून खात्री केली आहे.

पंगतीत मी विचारलंच, "अण्णा, एका आईची लेकरं आपण. मग मीच का आधी म्हातारा झालो?"

त्याला शिकवायला आवडतंच. म्हणाला, याचं एकच उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. काहींच्या मते शरीर वापरून झिजतं. काहींच्या मते पेशी ठरावीक वेळाच विभागते, आणि दर वेळी तिच्या आतल्या धाग्याचं टोक थोडं तुटतं. आणखी एक मत असं, की शरीराकडे शिदोरी मोजकीच असते. ती वाढीवर आणि पिलांवर गेली की डागडुजीला उरत नाही. ज्या जनावराला लांडगा लवकरच खाणार, त्याच्या जातीत डागडुजीवर फारसं काही घातलंच जात नाही.

"मग आपल्या घरातबी तसंच झालं की. डागडुजी तुमची, झीज माझी."

"अरे, हे एका शरीरातलं आहे. दोन भावांना लागू होत नाही."

"शिदोरी एकच हुती!"

माझा आवाज चढला. बाजारात विकणारा काहीही सांगो, मी आधी जनावराचा जबडा उघडतो आणि दातांवरून वय ठरवतो. तोच हात सवयीने पुढे गेला. भरल्या पंगतीत मी भावाची हनुवटी धरली आणि अंगठ्याने खालचा ओठ ओढला. सलग ओळ. एकही पडलेला नाही, एकही हललेला नाही. माझे खालचे पाच गेलेत.

"सोडा की त्यांना! बकरं हाय का ते?" बायको ओरडली. विहीणबाईंचा हात ताटातच थांबला.

भाऊ चिडला नाही. ओठ पुसून म्हणाला, "काय हवंय तुला? स्पष्ट बोल."

"ह्या सगळ्यांदेखत म्हणा, की तुमचं शिक्षण माझ्या जिवावर झालं."

हे वाक्य मी कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. तो नाही म्हणणार, मग मी मागणीत कुठवर खाली यायचं, तेही ठरलेलं होतं.

"खरं आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "याच्याच जिवावर शिकलो मी." आणि आमटीचा भुरका मारला.

बाजारात समोरच्याने पहिल्याच बोलीला मान डोलावली, की कळतं, आपण कमी मागितलं. मी पोळी आमटीत कुस्करत बसलो. तो सावकाश जेवत होता, दोन्ही बाजूंच्या दाढांनी.