पेटीतला खालचा थर

माझ्या नावापुढे बी.कॉम. ही अक्षरं लागली, ती भागीरथी आत्यामुळे. ती माझी सख्खी आत्या नव्हे. पालीच्या आत आमचं गाव, आणि ते तिचं माहेर, एवढंच नातं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी कॉलेजला जायचं म्हटल्यावर वडील मला घेऊन रत्नागिरीला तिच्या दारात उभे राहिले. काय मागायचं ते त्यांना सुचेना. आत्यानंच विचारलं, "ह्याला पडवीत झोप लागेल ना?" चार वर्षं मी त्या पडवीत झोपलो.

तिचे यजमान मुंबईला गिरणीत होते. ते आधी गणपतीला यायचे, पुढे तेही बंद झालं. मूलबाळ नव्हतं. आंब्याच्या दिवसांत आत्या बागायतदारांकडे पेट्या भरायला जायची. तिच्यासारखी पेटी भरणारी बाई मी नंतर पाहिली नाही. फळ हातात घ्यायची, देठाशी नाक न्यायची आणि सांगायची, हा चार दिवसांनी, हा आठ. मुंबईला कोणत्या दिवशी पेटी उघडणार ते विचारून ती पेंढ्यात थर लावायची. कुणी अंगठ्यानं आंबा दाबलेला तिला खपत नसे. "दाबून काय बघतोस मेल्या? दाबलंस तिथंच तो नासणार. आंबा असो नायतर माणूस."

पहिल्या वर्षी मी दोन विषयांत नापास झालो. ट्रंक भरून गावी निघालो, शेतीच करीन म्हणालो. आत्या तेव्हा माळ्यावर पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांची आढी उलगडत होती. तिनं वरूनच एक हिरवा आंबा माझ्या हातात टाकला आणि म्हणाली, "हा टाकून देऊ?" मी म्हटलं, कच्चा आहे, टाकायचा कशाला? "मग तू तरी काय नासलायस? आढीत पडलायस अजून. ट्रंक खाली ठेव." मी ठेवली.

पुढे पदवी, पुण्यात बँकेतली नोकरी, लग्न, मुलं. आत्याला दिवाळीला पत्र जायचं. येतो येतो म्हणत वर्षं गेली. एकदा एका सहकाऱ्यानं जुन्या मॅटॅडोरमध्ये फळ्या ठोकून झोपायचे दोन मजले केले. शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली. मेच्या सुट्टीत ती गाडी त्यानं मला दिली. मेधा सहा वर्षांची आणि नितीन तीनचा. दोघं तिला घरगाडी म्हणत. कोल्हापूरवरून आंबा घाट उतरायचा, रत्नागिरीला आत्याला भेटायचं, मग किनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परतायचं, असा बेत ठरला. हातखंब्याला रत्नागिरीकडे वळलो तोवर मी मुलांना माझ्या पडवीबद्दल इतकं सांगितलं होतं, की नितीनला तो एखादा किल्ला वाटत होता.

आत्या वाकली होती, पण आवाज तोच होता. गाडी तिनं आतून-बाहेरून पाहिली. "वर माडी, खाली चूल. आणि मोरी कुठंय?"

मेधा म्हणाली, "मोरी नाही आजी. समुद्र आहे."

"देव कुठं ठेवलेत?" आत्यानं पुढचं विचारलं. सगळे हसलो. आत्याही हसली.

चूक माझ्या हातून त्यानंतर झाली. आत्याचं वय झालंय, चार माणसांचं तिला कशाला करायला लावायचं, हा माझा विचार. मी तिच्या अंगणातच गाडीतली शेगडी पेटवली आणि सुनंदाला, माझ्या बायकोला, तिथंच पिठलं-भात टाकायला सांगितला. मी आत जाऊन मोठ्या आनंदानं म्हणालो, "आत्या, तू काही करू नकोस. जेवण गाडीत, झोपणंही गाडीत. तुला कसला त्रास नाही." ती चुलीपुढे बसली होती. पाटावर चार नारळ सोलून ठेवलेले दिसले. पडवीत माझी जुनी खाट धुऊन वाळत घातलेली होती, तीही मला तेव्हाच दिसली. आमच्या मुलखात दुसऱ्याच्या अंगणात चूल पेटवणं म्हणजे त्याची चूल विझलीय असं गावाला सांगणं. हे मला ठाऊक होतं, पण पुण्याच्या वर्षांत मी ते विसरलो होतो.

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "तू घरच घेऊन आलास. आता मी तुला ठेवू कुठं?"

मी शेगडी विझवायला हवी होती. भात अर्धा शिजला होता, म्हणून विझवली नाही. आत्या मेधाचा हात धरून तिला आत घेऊन गेली. दोघी बराच वेळ काही बोलत होत्या.

सकाळी निघताना तिनं एक पेटी गाडीत ठेवली. बेत विचारून घेतला होता. वरचा थर मालवणात, मधला गोव्यात, असं सुनंदाला समजावलं. "आणि खालच्याला हात लावू नका. तो त्याच्या दिवशी होईल." मी म्हटलं, बुधवारी परत येताना थांबू, जमलं तर. 'जमलं तर' हे शब्द मी जरा हळू बोललो.

जमलं नाही. नितीनला गोव्यात ताप आला, रजा संपत आली, आंबोलीचा घाट जवळ पडला, रत्नागिरी बाजूला राहिली. बुधवारी संध्याकाळी आम्ही पुण्याच्या घरी होतो. सुनंदानं पेटीतला खालचा पेंढा बाजूला केला आणि घरभर वास सुटला. बारा आंबे, बाराही त्या दिवशीच तयार. मेधा मात्र आंब्याला हात लावेना. म्हणाली, "हे आजीकडे सोलायचे होते. ती रसाबरोबर घावणे करणार होती. बाबांच्या खाटेवर गादी घालणार होती. मला सांगितलं होतं तिनं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली, तुम्ही आपणहून यायला हवं म्हणून."

ते आंबे आम्ही खाल्ले. गोड होते. रात्री मी पत्र लिहायला बसलो.

पुढच्या माघात, आंबे मोहोरले असताना, आत्या गेली. तिचा पुतण्या नंतर कामासाठी पुण्याला आला, तेव्हा माझं पत्र त्यानं मला आणून दिलं. आत्यानं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. घडीत पेंढ्याची एक काडी होती. पत्राच्या शेवटी आहे तीच गोष्ट मला त्याला विचारायची होती, पण धीर झाला नाही. पत्र असं आहे:

ती. भागीरथी आत्यास,

दत्तारामचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. नितीनचा ताप उतरला. खालचा थर आज उघडला. तुझा दिवस चुकला नाही, मी चुकलो.

तुझ्या अंगणात मी शेगडी पेटवली. तुझे कष्ट वाचवतोय असं मला वाटत होतं. चार वर्षं तुझ्या चुलीवर जेवलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात येतो. घरगाडी आणणार नाही, एस.टी.नं येऊ. भांडी, अंथरूण, काही आणणार नाही. पडवीत चौघांना जागा ठेव.

मेधा सारखी विचारते, आजीनं आज घावण्यांचं पीठ भिजवलं असेल का. तिला काय सांगू, ते कळव.

तुझा,
दत्ताराम