वंदनाताईंची पार्सल लिस्ट

गेल्या बुधवारी सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं, तर सगळीकडे चिडीचूप. आमचा पंपाच्या स्पेअर पार्ट्सचा होलसेल धंदा, दिवसभर फोन आणि आरडाओरडा... त्यामुळे शांतता असली की काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं.

झालं असं होतं की आमच्या मालकांनी, म्हणजे भैयाजींनी, वंदनाताईंना पुढच्या सोमवारपासून पार्सलचं काम सोडून पॅकिंगला बसायला सांगितलं होतं. ताई अकरा वर्षं पार्सलचं काम बघतात. रोज सकाळी त्या कॉम्प्युटरवरून पार्सल लिस्ट काढतात, तिच्यावरून माल भरला जातो आणि सव्वादहाच्या आत खोके एसटी स्टँडकडे निघतात.

त्या आठवड्यात नरखेडची गाडी दोनदा चुकली होती. उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेतला पंप बंद पडला की एकेक दिवस महागात जातो, म्हणून तिथल्या दुकानदाराने भैयाजींना फोनवर चांगलंच झापलं... आणि भैयाजींनी ठरवून टाकलं की ताईंना आता काम झेपत नाही.

ताई प्रिंटरजवळ स्टूलवर बसल्या होत्या. डोळे लाल. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "लिस्टच उशिरा निघून राहिली वं मीनल. मी तं सव्वानवालेच बटन दाबून ठेवते."

आता कबुलीच देते... आमचा सर्व्हर मी सांभाळते. कोणाचं काम आधी आणि कोणाचं नंतर, हे तीन वर्षांपूर्वी मीच लावून दिलं होतं.

जागेवर जाऊन कामांची रांग उघडली आणि माझीच मला लाज वाटली. आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक कामाला एक ते नऊ नंबर देता येतो, एक म्हणजे सगळ्यात आधी. काही सांगितलं नाही तर आपोआप पाच लागतो.

अकाउंट्सच्या काकांनी डोकं खाल्लं म्हणून त्यांना एक. सेल्सवाल्यांनी तर्रीपोहे खाऊ घातले, त्यांनाही एक. भैयाजी मालकच, त्यांना न मागता एक... आणि वंदनाताईंनी कधी काही मागितलंच नाही, म्हणून त्या पाचावर.

त्यात कोणी किती मेमरी वापरायची यावर मी मर्यादाच घातली नव्हती. भैयाजी सकाळी चहा घेता घेता तीन वर्षांच्या स्टॉकचा रिपोर्ट चालू करायचे, आणि नोंदी वाढत गेल्या तसा तो आता अर्ध्याहून जास्त सर्व्हर अडवून बसायला लागला होता.

मी लगेच ताईंनाही एक नंबर देऊन टाकला. वाटलं, मिटलं... पण गुरुवारी लिस्ट निघाली दहा वीसला! सगळेच पहिले असताना त्या गर्दीत फक्त एकाची भर पडली होती. नरखेडची एसटी पुन्हा गेली.

दुपारी मी टेबलाटेबलावर फिरले. तुमचं काम किती अर्जंट आहे?... सगळ्यांचंच फार अर्जंट. काकांनी तर उभ्याउभ्या मला रिटर्न भरण्यावर लेक्चर दिलं.

शेवटी ताईंकडे गेले आणि तावातावाने म्हटलं, ताई, एक नंबर फक्त तुम्हाला ठेवते, बाकी सगळ्यांना खाली ढकलते, होऊ दे भांडणं.

तर त्या म्हणाल्या, "अवं, मले पयला नंबर काहून पाहिजे? सव्वानऊ ते पावणेदहा एवढं मोकळं करून दे. मंग दिवसभर माह्यं काईच नाही त्या मशीनीत."

इतकी साधी गोष्ट... आणि मी दिवसभर लोकांना भलतंच विचारत फिरत होते.

पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात केली. या वेळी विचारलं, तुम्हाला नेमकं किती वाजता लागतं? सेल्सची पोरं सकाळी बाहेरच असतात, त्यांना चारनंतर. काकांना जेवणाच्या सुट्टीआधी मिळालं की झालं. तो सकाळचा अर्धा तास भैयाजी सोडले तर कोणालाच नको होता.

मग थेट भैयाजींच्या केबिनमध्ये शिरले. सगळं सांगून टाकलं... उशीर ताईंमुळे होत नाही, नंबर मी चुकीचे लावलेत, आणि तुमचा रिपोर्ट सकाळी सगळी जागा खातो.

भैयाजी म्हणाले, "अकरा वाजता पाह्यला तं काई बिघडत नाही. चहासोबत पाह्याची सवय पडून गेली, बस."

शुक्रवारी संध्याकाळी नवीन सेटिंग लावली. त्या अर्ध्या तासात ताईंची लिस्ट सगळ्यात आधी, आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला पाव हिश्श्याच्या वर मेमरी मिळणार नाही... अगदी मालकांच्या कामालाही.

शनिवारी मी घरून अर्धा तास लवकरच निघाले. ताईंनी बटन दाबलं आणि आम्ही दोघी प्रिंटरकडे बघत उभ्या राहिलो. चार मिनिटांत प्रिंटर कुरकुरायला लागला! खोके स्टँडवर पोचले तेव्हा नरखेडची गाडी फलाटाला लागलीसुद्धा नव्हती.

थोड्या वेळाने भैयाजी गोडाऊनच्या दारात आले. घड्याळाकडे बघितलं, "ताई, पार्सल तुमीच पाहा" एवढं बोलले आणि आत गेले. माफीबिफी काही मागितली नाही.

मी मात्र मागितली. तीन वर्षं ताई गप्प होत्या, म्हणून त्यांचं सगळं नीट चाललंय असं मी धरून चालले होते... ओरडणाऱ्यांची कामं करण्यात त्यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

ताईंनी माझा हात हातात घेतला. "जाऊ दे वं. अकरा वर्षांत पयल्यांदा कोनी इचारलं मले, का तुले काय लागते म्हणून..."

त्या हसत होत्या. मला मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून उठावं लागलं.