रुद्राप्पाच्या पाखऱ्याचा पाय

रुद्राप्पा टांगेवाल्याशी वाद घालायला उत्तरेश्वर पेठेत कुणी धजत नसे. हा गडहिंग्लजकडचा माणूस तरुणपणी कोल्हापुरात आला, आमच्या घरामागच्या बोळात राहिला आणि स्टेशनवर टांगा लावू लागला. मूलबाळ नाही. सगळा जीव पाखऱ्यावर, म्हणजे त्याच्या तांबड्या घोड्यावर. "घोड्याला रोज खरारा, आन् मी तापानं फणफणले तरी बरी हाईस का म्हणून इचारत न्हाईत," असं त्याची बायको रत्नव्वा मला सांगायची आणि सांगता सांगता त्याच घोड्यासाठी हरभरे भिजत घालायची.

त्र्याहत्तर साली दिवाळीच्या सुमारास पाखऱ्याच्या मागच्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्याशी, जखम दिसू लागली. रुद्राप्पानं हळद भरली, चुना लावला, कुणीतरी सांगितलं म्हणून मोरचूदही लावून पाहिलं. जखम भरायची सोडून आतलं मांसच वर येऊ लागलं, लालभडक, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. घोडा तो पाय टेकवेना. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर माझ्यावरच खेकसला.

"बाई, तुमी शाळंत पोरं शिकवा. घोडं मला शिकवू नगा!"

मी तरी कुठली गप्प बसतेय! मुक्या जनावराला कुजवून मारणार आहात का, असं तोंडावर विचारलं. तो पाय आपटत निघून गेला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला.

रुद्राप्पानं लगाम धरला. डॉक्टरांनी त्या वाढलेल्या मांसावर सुरी चालवली आणि रक्ताची धार लागली. मी किंचाळले. पाखऱ्या मात्र खुशाल गवत चघळत उभा! अशा मांसाला दुखणं कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझा विश्वासच बसेना.

मग चिमटा आत कशाला तरी अडला आणि पाखऱ्यानं एकदम अंग आकसलं. डॉक्टरांनी हळूहळू ओढलं. मांसातून काळा, कुजलेला दोरा बाहेर येऊ लागला. पायाला वेढा घालून तो आत रुतला होता.

तो दोरा सगळी गल्ली ओळखत होती. घोड्याला नजर लागू नये म्हणून रुद्राप्पानं श्रावणात जोतिबाहून आणून तो बांधला होता, सुटू नये म्हणून चांगला आवळून. असला दोरा कापायचा नसतो. तो आपणहून गळून पडला की नजर उतरली असं समजायचं. पुढे पाय सुजला, दोरा दिसेनासा झाला आणि या गड्यानं आनंदानं घरोघर गूळखोबरं वाटलं. आम्ही ते मिटक्या मारत खात होतो, तेव्हा तो दोरा त्या मुक्या जिवाचा पाय कापत चालला होता!

"आणखी थोडा आत गेला असता, तर पाय तोलून धरणारी मागची जाड शीर तुटली असती," डॉक्टर म्हणाले. "मग गोळी घालण्यावाचून इलाज नव्हता. अजूनही पाय राहील की नाही, सांगता येत नाही."

रुद्राप्पा मटकन खाली बसला. रत्नव्वा भिंतीला धरून उभी होती.

टांगा बंद झाला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रुद्राप्पा मिठाच्या पाण्यानं जखम धुवायचा, कापूस ठेवून सैल पट्टी बांधायचा. स्वतःच्या हातांवर त्याचा भरवसाच उरला नव्हता. पट्टीत रत्नव्वाचं बोट सहज जातंय हे पाहिल्याशिवाय तो गाठ मारत नसे. मधेच मांस पुन्हा वर आलं, डॉक्टरांना पुन्हा सुरी चालवावी लागली. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नाही.

उन्हाळ्यात पाखऱ्या चारी पायांवर उभा राहिला. लंगडत का होईना, अंगणात फिरला. रत्नव्वा हरखून जोतिबाला गेली आणि येताना नवा काळा दोरा घेऊन आली.

"केवढ्या मोठ्या नजरंतनं वाचला की! आता ह्यो बांधा."

रुद्राप्पा ओरडेल असं मला वाटलं. त्यानं नुसता तिचा हात धरला, तिला खाली बसवलं आणि पाखऱ्याच्या पायाभोवती उठलेल्या बिनकेसांच्या गोल वळावरून तिचं बोट फिरवलं.

"बांधलेला हाय की," तो म्हणाला. "ह्यो आता गळायचा न्हाय."