परत म्हणेल त्याची चाल

रघुवीरबाबांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. हळर्णला आमच्या घरी चवथीची आरती चालली होती. मी घुमट, म्हणजे मडक्याला चामडं ताणलेलं आमचं तालवाद्य, वाजवत होतो; खरं तर त्या वयात बडवतच होतो. पेडण्याहून पाहुणे म्हणून आलेले एक सडपातळ गृहस्थ मधूनच म्हणाले, "जरा हळू. बाकीच्यांनाही ऐकू येऊ दे." मला असा राग आला! माझ्याच घरात, माझ्याच गणपतीपुढे मला शिकवणारे हे कोण? आरती संपल्यावर जाब विचारायला गेलो, तर ते हसून म्हणाले, "हात बरो आसा तुमचो. येशात काय आमच्या बँडात?" गेलो होतो भांडायला आणि आलो होकार देऊन. घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

तो बँड म्हणजे आमचा 'भिरंड'. रबेक, म्हणजे व्हायोलिन, रघुवीरबाबांच्या खांद्यावर; जोडीला गिटार, ड्रम आणि माझं घुमट. सुरुवातीला आम्ही गाणी म्हणत असू. पण गोव्याच्या मुक्तीनंतर आमच्याकडे भाषेचा वाद अधूनमधून पेटत असे, हे या भागातल्या वाचकांना काय सांगायचं? गाणं सुरू केलं की मंडपाची एक बाजू ओरडे, "मराठीत म्हणा!" दुसरी ओरडे, "कोंकणीत म्हणा!" डिचोलीत एकदा खुर्च्या उचलल्या गेल्या. आमच्यातही दोन तट पडले आणि गिटारवाला ड्रमवाल्याशी बोलेनासा झाला.

पुढच्या तालमीला रघुवीरबाबांनी शांतपणे सांगितलं, "आजपासून शब्द बंद. नुसती चाल वाजवायची. ज्याला ज्या भाषेत म्हणायचं, त्यानं मनात म्हणावं." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, बँड बुडाला! पण बुडतो कसला? लोक त्या बिनशब्दांच्या चालींवर असे काही खूश झाले की आम्हांला गावागावांतून बोलावणी येऊ लागली. गिटारवाला आणि ड्रमवाला पुढे एकमेकांचे व्याही झाले.

रघुवीरबाब चालींना स्वतः कधी नाव देत नाहीत. नवी चाल वाजवून झाली की रबेक खाली घेतात आणि थांबतात. समोरून जो कोणी पहिल्यांदा "परत!" असं ओरडेल, त्याचं नाव त्या चालीला. आणि नुसतं नाव नाही, ती कशी वाजवायची हे सांगायचा हक्कही त्याचाच. खाणीवर ट्रक चालवणारा सावंतवाडीकडचा एक गडी एकदा "परत!" ओरडला आणि म्हणाला, "गिटार मोठी करा, डोंगर हलूंक व्हयो!" तेव्हापासून 'ड्रायव्हरची' वाजताना गिटार मोठीच असते. मला ती आवडत नाही, कारण माझं घुमट त्यात बुडतं. पण माझ्या आवडीला कोण विचारतो?

माझी बायको म्हापशाला इस्पितळात होती, तेव्हा रघुवीरबाब रोज सकाळी स्कूटरवरून पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे घेऊन येत. धीराचे चार शब्द बोलावेत, तर तेही नाही! स्टुलावर बसून पाव कुस्करीत काहीतरी गुणगुणत राहायचे. एके दिवशी सलाईन लावता लावता नर्स म्हणाली, "परत म्हणा ना ते." मी चिंतेने अर्धा झालो होतो, तरी हसू आलं. ती 'नर्सबाईची'. बायको बरी झाली आणि आजही ती चाल लागली की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते.

पण सगळ्यांची लाडकी चाल म्हणजे 'वयनीची'. इब्रामपूरच्या शेवंतीवयनी तेव्हा ऐन उमेदीत होत्या. "परत!" म्हणून त्यांनी फर्मावलं होतं, "फुगडी घालूंक येयत अशी धावती वाजय." त्यामुळे ती आमची सगळ्यांत धावती चाल झाली. रघुवीरबाबांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात काय ऐकायचं, असं रसिकांना विचारलं, तर पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकच उत्तर आलं.

आणि नेमकी तीच वाजणार नव्हती. गेल्या साली स्कूटर घसरून रघुवीरबाबांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी पळेनात. "चाल वयनीची," ते म्हणाले. "तिने धावती सांगितली. लंगडी वाजवून लोकांना फसवायचं नाही. आणि ती वाजत नसेल तर सोहळ्यात मी रबेक उचलणारही नाही." रबेक पेटीत गेली. मी विनवण्या केल्या, रागावलो, अबोलासुद्धा धरला. हटवादी माणूस! पेटी बंद ती बंदच. खरं सांगतो, मला भीती वाटली होती की ती आता कायमचीच बंद झाली.

शेवटी मी सरळ इब्रामपूर गाठलं. ऐंशी ओलांडलेल्या शेवंतीवयनी सगळं ऐकून घेऊन काठी टेकत उठल्या. "गाडी हाड," म्हणजे गाडी आण, एवढंच म्हणाल्या. पेडण्याला रघुवीरबाबांच्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "चाल कोणाची रे?"

"तुझीच, वयनी."

"मगे मी सांगतंय तशी वाजय. सावकाश वाजय. माझी धोपरां तरी आता खंय धावतत?"

रघुवीरबाबांनी पेटी पुढे ओढली. त्यांचाच नियम, मोडणार कसा? पेटी उघडली, तार जुळवली. ती धावती चाल पहिल्यांदाच चालत आली. मध्ये बोटं अडखळली आणि ते थांबले. "हूं, फुडे," वयनी म्हणाल्या, आणि रघुवीरबाबांनी ती शेवटपर्यंत नेली. इतकी वर्षं त्या चालीवर घुमट वाजवलं, पण तिच्यात एवढी माया आहे हे मला त्या दुपारी कळलं. मी ओसरीवरच रडलो. सोहळ्यात ती तशीच वाजणार आहे.

रघुवीरबाब, तुमच्या पंचाहत्तर वर्षांची चाल आम्ही सगळ्यांनी मन भरून ऐकली. आता तुम्ही रबेक खाली घेऊन थांबायच्या आत, दुसऱ्या कोणी ओरडायच्या आत, मीच ओरडून घेतो. म्हणजे नियमाने ही चाल माझी, आणि कशी वाजवायची ते मी सांगणार. सावकाश वाजवा, तब्येत सांभाळून वाजवा, वाटलं तर मध्ये थांबा, पण वाजवत राहा. रघुवीरबाब, परत!