कागदोपत्री मेलेला साक्षीदार

लादेले आदिगुन यांनी आरोग्य खात्यात एकतीस वर्षं टायपिंग केलं आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, आपल्या नावाची दोन अक्षरं टाकली. आधी साहेबांची अक्षरं, मग तिरकी रेघ, मग एल आणि ए. पत्र कुणी सांगितलं आणि कुणाच्या हातून उतरलं हे कळावं, म्हणून खात्याची ही जुनी पद्धत. बाकीचे टायपिस्ट कंटाळा करायचे. आदिगुन मात्र या बाबतीत हट्टी. त्या हट्टानेच त्यांचं म्हातारपण नासवलं.

झालं असं, की बावीस वर्षांपूर्वी कमिशनर साहेबांनी त्यांच्याकडून सात पत्रं टाइप करून घेतली. इस्पितळाच्या यंत्रांचे पैसे स्वित्झर्लंडमधल्या अमुक कंपनीला पाठवा, एवढाच मजकूर. यंत्रं काही आली नाहीत. कंपनी साहेबांच्या मेव्हण्याची निघाली. इस्पितळाचा पाया तेवढा झाला, त्यावर अजून शेळ्या बसतात. पुढे साहेब वारले, रीतीप्रमाणे अख्ख्या घराण्याने एकाच कापडाचे कपडे शिवून तीन दिवस जेवणावळी घातल्या. पैसा मात्र स्वित्झर्लंडच्या बँकेत अडकून पडला, आणि खटला तिकडच्याच कोर्टात उभा राहिला. सरकार म्हणतं, आमचा. साहेबांची मुलं म्हणतात, वडिलांचा, आणि ती पत्रं बनावट आहेत. पत्रं खरी आहेत हे सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि तो कोण, हे पत्रांच्या तळाशीच लिहिलेलं होतं.

तेव्हापासून नऊ वर्षं सरकारी वकील त्यांच्या दारी येत होते. पहिला बदलून गेला, दुसरा कॅनडाला गेला. दरवेळी तारीख लागायची, आदिगुन इस्त्रीचा झगा घालून, टोपी चढवून तयार व्हायचे, आणि तारीख पुढे जायची. कोपऱ्यावर अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळणारी रिसीची आई त्यांना कधी टोमणा मारल्याशिवाय सोडायची नाही.

"काय बाबा, आली का तुमची स्वित्झर्लंडची पेटी?"

"आली की तुला नवी कढई घेतो."

"माझी कढई आत्ता गळतेय. तिला तुमच्या कोर्टाची सवय नाही."

पूर्वी ते हसायचे. आता नुसती मान हलवायचे. खरं सांगायचं तर त्या पैशाचं त्यांना काही नव्हतं. तो परत आला तरी दुसरा कुणी साहेब टपून बसलेला असणारच. त्यांना फक्त एक वाक्य कुणापुढे तरी एकदा बोलून टाकायचं होतं. तिसऱ्या पत्रालाच त्यांना कळलं होतं काय चाललंय, आणि तरी त्यांनी पुढची चार टाइप केली होती. हे बायकोलाही न सांगता तिला पुरून झालं होतं.

आता तिसरी वकील होती, सिमिसोला नावाची. गुरुवारची तारीख होती आणि ती मंगळवारीच आली. दिलेलं पाणी तिने तसंच ठेवलं.

"बाबा, रागावू नका. तुम्ही मेलात का?"

"अजून तरी नाही."

"पेन्शन कार्यालयाच्या यादीत मेलायत. समोरच्या वकिलाने ती यादीच कोर्टात दिलीय. म्हणतो, सरकारने कुठलातरी म्हातारा पकडून आणलाय."

आदिगुन यांना यात नवल वाटलं नाही. पेन्शनरांनी वर्षातून एकदा जाऊन रांगेत उभं राहून आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. मागच्या वर्षी नेमकं त्याच दिवशी सिमिसोलाने त्यांना सुनावणीसाठी आपल्या कचेरीत बसवून ठेवलं होतं. पाचला कळलं, तारीख पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पेन्शनची यादी बंद झालेली. चौदा महिने एक नायरा आला नव्हता. मुलगी पाठवेल त्यावर चाललं होतं.

"मला बोलला का नाहीत?"

"तुम्हीच बसवलं होतंत. उगाच जिवाला लागलं असतं तुमच्या."

सिमिसोलाने डोळे पुसले. "मी आत्ता तिथूनच आले. परत जिवंत करायला तीन महिने लागतात म्हणाले."

गुरुवारी कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, मोठ्या पडद्यासमोर त्यांना बसवलं. पलीकडे स्वित्झर्लंडच्या न्यायाधीशबाई, चष्मा नाकावर, शेजारी दुभाषी. पडद्यावर मृतांची यादी आली. चारशे नावं.

"आपण हयात नाही असं आपलंच सरकार म्हणतं. आपलं काय म्हणणं आहे?"

आदिगुन यांनी सवयीने आधी डावा कोपरा पाहिला.

"कागद जरा वर घ्या, बाई. तळाशी टी आणि ओ दिसतंय का? ती तितिलायो ओयेवाले. तिला टायपिंग मी शिकवलं. अक्षरं टाकल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही, हे मीच तिच्या डोक्यात बसवलं. तिला बोलवा. मी कोण ते ती सांगेल."

"आपल्याला ओळखत असून त्यांनी हे टाइप केलं?"

"टायपिस्ट मजकूर वाचत नाही, असं आम्ही म्हणतो. मीही बावीस वर्षं तेच म्हणत आलो. पण ते खोटं आहे. त्या सात पत्रांच्या तळाशी मी आहे. तिसऱ्याला मला कळलं होतं पैसा कुठे चाललाय. तरी चार टाइप केली."

दुभाष्याने सावकाश सगळं सांगितलं. आदिगुन यांची छाती मोकळी झाली होती. मग पडद्यापलीकडे साहेबांच्या मुलांचा वकील उठला. साक्षीदाराची ओळखच पटलेली नसताना त्याचं बोलणं नोंदवता येत नाही, म्हणाला. न्यायाधीशबाईंनी कायदा चाळला आणि नाइलाजाने मान डोलावली. ओयेवालेबाईंना बोलवावं, ओळख पटवावी. आजचं बोलणं धरलं जाणार नाही. साक्ष मार्चमध्ये, पुन्हा पहिल्यापासून.

लिफ्ट बंद होती. जिना उतरताना सिमिसोलाने त्यांचा दंड धरला.

"बाबा, मार्चपर्यंत तब्येत जपा."

"तब्येतीचं मी बघतो. कागदावर जिवंत ठेवायचं तेवढं तुम्ही बघा."

एवढं बोलून ते दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मार्चसाठी ते वाक्य पुन्हा आत ठेवायचं होतं, आणि ते आता आत जायला तयार नव्हतं.