खिडकी नसलेल्या खोलीतलं हलकं काम

ट्रॉली कशी ओढू नये हे सुरक्षा सप्ताहात दाखवताना मी ती खरोखरच तशी ओढली. खोक्यांची वरची थप्पी घसरली आणि 'आधी सुरक्षा' हा फलक धरून उभ्या असलेल्या आमच्या पॅकरच्या उजव्या खांद्यावर कोसळली. मी पॅकिंगचा सुपरवायझर. भाषण चांगलं चाललं होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पॅकर घरी बसून भरपाई घेऊ लागला तसं मॅनेजरसाहेबांच्या पोटात दुखू लागलं. नियम सोयीचा होता: कंपनीनं हलकं काम दिलं आणि जखमी माणसानं ते नाकारलं, की भरपाई बंद. साहेबांनी काम शोधलं. गोदामामागच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून डाव्या हातानं लहान-मोठे स्क्रू वेगळे करायचे.

"कंटाळून स्वतःच राजीनामा टाकेल," साहेब म्हणाले. मी हसलो. साहेब बोलले की हसायचं, हे माझं मुख्य काम.

पण अशा कामाला आधी भरपाई खात्याच्या पुनर्वसन अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि त्यांचा शब्द कंपनीला डावलता येत नाही. कारखान्यांतून त्यांना पाठीमागे झोळीबाई म्हणतात. माणसाचा जो अवयव निकामी, तो स्वतःचा बांधून त्या ते काम आधी पाळीभर करून बघतात. आल्या, पिशवीतून झोळी काढली, उजवा हात गळ्यात अडकवला आणि स्क्रूंपुढे बसल्या. उजेडासाठी दार तेवढं उघडं ठेवलं. त्या दारातून माझी काचेची केबिन दिसते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी मी चौकशीला गेलो, तर बाईंचा मुलीशी फोन चालू होता, स्पीकरवर.

"आई, आज काय मोडलंय?"

"खांदा. जेवणाच्या डब्याचं झाकण एवढं घट्ट का लावलंस?"

"विसरले गं. बाबा म्हणतायत पाठ दुखतेय."

"सांग, संध्याकाळी येऊन मी पाठ बांधून बघते."

"सांगितलं. भांडी घासायला उठले."

तेवढ्यात नवं काम बघायला बोलावलेला पॅकर दाराशी आला. "बाई, राहू द्या. मी करीन कसंही."

"खांदा दिलात, आता कणाही देऊन टाकताय का यांना?" त्या म्हणाल्या. "बसा तिथं."

पाळी संपता संपता गोदामवाला आला. बाईंनी दिवसभर निवडलेले दोन्ही डबे त्यानं पुन्हा एकाच पिंपात ओतले आणि काठीनं ढवळले.

"हे काय?"

"साहेबांनी सांगितलंय. नाहीतर उद्या निवडायला काय देणार?" तो भाबडेपणानं म्हणाला.

बाईंनी झोळी उतरवली आणि पॅकरला घेऊन थेट माझ्या केबिनमध्ये आल्या. चपलेला काहीतरी चिकटलंय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे काम नाही, छळ आहे. नामंजूर. साहेब कुठायत?"

साहेबांना नेमकं तेव्हाच बाहेर महत्त्वाचं काम निघालं होतं. म्हणजे बोलायचं मलाच.

"बाई, इथं सगळी ओढायची नि उचलायची कामं," मी घुश्श्यात म्हणालो. "एका हातानं, खुर्चीत बसून होईल असं काम आणू कुठून मी?"

बाईंनी माझ्याकडे वळवलेला पंखा पाहिला, चहाचे तीन रिकामे कप पाहिले आणि पॅकरसाठी माझी खुर्ची मागं ओढली.

"तुमचं आहे की, सोमवारपासून हे इथं बसतील, ट्रॉली तुम्ही ओढा."