मांडीवर मुरलेलं तेल

राजुऱ्याला खाणीतल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथे मी बावीस वर्षं लेथ मशीन चालवतोय. लोखंड कापताना तापतं, म्हणून त्यावर सतत तेलाची धार सोडावी लागते. फिरतं लोखंड ते तेल उडवतं आणि मशीनला खेटून उभ्या माणसाची पोटाखालची, मांडीवरची पँट दुपारपर्यंत चिंब होते. हात पुसायची तेलकट चिंधीही आम्ही पुढच्याच खिशात कोंबायचो. ती पँट घरी येईपर्यंत अंगावरच असायची.

माझ्या हातांवर कोपरापर्यंत खडबडीत चामखिळी उठल्या, तेव्हा शेजारच्या मशीनवरचा वयाने मोठा टर्नर म्हणाला होता, की लेथवाल्या सगळ्यांनाच हे येतं. शेठ तर तेलाच्या पिंपाकडे बोट दाखवायचा. त्यावर रिफाइंड लिहिलंय, आपण खातो ते तेलही रिफाइंडच असतं, असं त्याचं म्हणणं.

चार वर्षांपूर्वी तसलीच एक चामखीळ अंडकोषाच्या कातडीवर आली. आधी वाटलं, घामाने आलेली पुळी असेल. पण ती कडक झाली, फुटली आणि भरेना. कुणाला सांगावं ते कळेना. तशा जागची जखम म्हटली की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी बल्लारपूरला जाऊन मलम आणायचो. दिवसभर त्याच मशीनसमोर, त्याच ओल्या पँटमध्ये उभा राहायचो. चालताना जखम घासायची आणि मी पाय फाकवून चालतोय हे कुणाच्या लक्षात येऊ नये, याचीच काळजी करायचो. जवळजवळ वर्ष असं काढलं.

कपडे धुताना बायकोला रक्ताचा डाग दिसला. लोखंडाचा कीस लागला म्हणून मी सांगितलं. दुसऱ्यांदा डाग दिसला तेव्हाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिने धुणं तसंच ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"कोण्या बाईकडे गेले असान, तरी मी काई म्हणत नाई. पण दवाखान्यात चाला."

म्हणजे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि माफही केलं होतं. नाही म्हणायचं तर जखम दाखवावी लागणार. दाखवायची तर माझी हिंमत नव्हती. मी मान खाली घालून बसलो आणि तिला तोच कबुलीजबाब वाटला.

आम्ही बसने चंद्रपूरला गेलो. दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. मी शर्टाची बाही वर करून हातावरच्या चामखिळी दाखवल्या. आणखी कुठे काही आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्हीदा नाही म्हणालो. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने विचारलं, दाखवलं का. मी मान डोलावली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मनगट धरलं आणि मला परत आत नेलं.

"मॅडम, यायनं खोटं सांगतलं. खाली जखम आहे. रक्त येऊन राह्यलं."

मागे दारात पुढचा पेशंट उभा होता, समोर डॉक्टर, बाजूला ही. पळायला जागाच नव्हती. डॉक्टर बाईंनी दार लावायला सांगितलं आणि पलीकडच्या खोलीतल्या एका पुरुष डॉक्टरांना बोलावून घेतलं. पडद्याआड त्या डॉक्टरांनी जखम पाहिली, जांघेत गाठ आहे का ते दाबून पाहिलं. आता बायकांबद्दल विचारतील म्हणून मी अंग आवळून पडलो होतो. त्यांनी विचारलं, काम काय करता. मग विचारलं, पँट तेलाने भिजते का, चिंधी कुठे ठेवता.

मी सांगितलं. शेठच्या पिंपावर रिफाइंड लिहिलेलं असतं, हेही सांगितलं.

"किती शुद्ध केलंय, ते त्यावर लिहिलेलं नसतं ना," डॉक्टर म्हणाले. "कमी शुद्ध केलेलं तेल वर्षानुवर्षं कातडीत मुरलं तर कॅन्सर होऊ शकतो. तुम्हाला तोच आहे का, ते जखमेचा तुकडा काढून तपासल्यावर कळेल."

पडद्यापलीकडे बायको ऐकत होती. तिच्या रडण्याचा आवाज मला आला. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, की मी तुमच्यावर नको तो संशय घेतला. मी म्हणालो, मीच तो घेऊ दिला.

तपासणीत कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. तो पसरलेला नव्हता, म्हणून कातडीचा भाग कापून निभावलं. तीन महिने घरी होतो. दुसरं काम शोधलं. सावली गावात बायकोच्या भावाच्या ओळखीने एका भातगिरणीत कामाला राहिलो, पण तिथे माझ्या हातांना येण्यासारखं काही नव्हतं. मी परत त्याच मशीनवर आलो.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या मोठ्या टर्नरला सगळं सांगितलं, कुठे जखम होती तेसुद्धा. त्याने घास खाली ठेवला.

"मले बी आहे," तो म्हणाला. "तीन सालापासून. घरी कोणाले माहीत नाई."

मी त्याला त्याच आठवड्यात चंद्रपूरला नेलं. त्याच्या जांघेत गाठी आल्या होत्या. त्याची दोन ऑपरेशनं झाली. तो आहे, पण काठी घेऊन घरातल्या घरात फिरतो, वर्कशॉपला येत नाही. त्याला नागपूरला ठेवलं होतं त्या दिवसांत लेथवर उरलेल्या आम्ही तिघांनी एका सकाळी मशिनी सुरूच केल्या नाहीत. शेठ चिडला, मग रबरी एप्रन आणि मशीनपुढे लावायला पत्रे आणून दिले. तेलही बदललं म्हणतो. नवीन पिंपावर काय लिहिलंय ते मी वाचतो, पण त्यातून मला काही कळत नाही.

आता मी वर्कशॉपमधून निघण्याआधी साबणाने अंग धुतो आणि कपडे बदलतो. दर सहा महिन्यांनी तपासून येतो. बायको सोबत असते आणि आत येते. मधले महिने मी एप्रन बांधून लेथसमोर उभा असतो. तेल तापलं की त्याचा वास येतो आणि माझा हात आपोआप पोटाखाली जातो, एप्रन नीट आहे ना ते पाहायला.